रेडा मारका होता, हे ठाऊक होतं का?

उमेळे, वसई
१२ फेब्रुवारी १९७९

प्रिय सुशी,

तू ठाण्याला गेल्यापासून माझं पत्र तुला येतं ते फक्त नाताळात. आज फेब्रुवारीतच माझं अक्षर पाहून तू ओळखलं असशील, काहीतरी बिनसलं आहे. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की मी तुझ्या तोंडाकडे बघायचे, तशी आज बघते आहे. तू वकील झालीस तेव्हा मी म्हटलं होतं, देव करो नि मला तुझ्याकडे कामासाठी यायची वेळ न येवो. आली.

गेल्या महिन्याच्या एकोणतीस तारखेला आमच्या रेड्याने, चांद्याने, यशोदाला धडक दिली. यशोदा मिठागराजवळच्या वस्तीतली. त्यांची विहीर खारट, म्हणून तिथल्या बायका आमच्या वाडीतून चालत येऊन आमच्या विहिरीचं पाणी प्यायला नेतात. सकाळचा रहाट फिरवून झाल्यावर मी चांद्याला सोडलं होतं. केळींच्या कडेला चरत होता. यशोदा हंडा भरून परत निघाली, आणि काय झालं कुणास ठाऊक, तो एकदम वळला. मी दहा हातांवर होते. आधी हंडा पडल्याचा आवाज आला, मग तिचा. तो अजून माझ्या कानातून जात नाही.

उजव्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. इस्पितळात आहे, पायाला वजन टांगून. मी रोज पेज घेऊन जाते. हंगामात ती मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहते. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण ओझं आता विसरा. तिचा नवरा दयाराम मला बघितलं की उठून व्हरांड्यात जाऊन उभा राहतो.

आणि परवा वसईच्या एका वकिलाची नोटीस आली, निकोलसच्या आणि माझ्या नावाने. त्यात लिहिलंय, 'आपण हेतुपुरस्सर व निष्काळजीपणे' असं असं केलंत. हेतुपुरस्सर! मी? निकोलस गोदीतलं काम आटपून घरी आले, नोटीस वाचली आणि जेवलेच नाहीत. माझी नणंद क्लेमेंटीन म्हणते, पोलीस येतील. येतील का गं? पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली तरी मी हातातलं काम टाकून दाराशी धावते.

चांद्या गरीब जनावर आहे. आजवर कुणाला शिंग लावलेलं नाही. मी काय करू, ते सांग.

तुझी
सालोमी

नौपाडा, ठाणे
१७ फेब्रुवारी १९७९

सालू,

आधी जेव, आणि निकोलसनाही जेवायला घाल. दिवाणी दावे उपाशीपोटी लढता येत नाहीत, ते फार दिवस चालतात.

'हेतुपुरस्सर' या शब्दाला घाबरू नकोस. माणूस एकतर मुद्दाम करतो, नाहीतर बेपर्वाईने. दोन्ही एकदम करता येत नाही. पण नोटीस लिहिताना वकील दोन्ही लिहून ठेवतात, जे लागेल ते लागेल. मीही लिहिते.

पोलिसांचं म्हणशील तर जनावर नीट न सांभाळण्याचा एक गुन्हा कायद्यात आहे, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. पण ते लोक पोलिसांत गेलेले नाहीत. त्यांनी धरली आहे ती वेगळी वाट. फौजदारीत प्रश्न असतो, याला शिक्षा काय द्यायची. इथे प्रश्न असतो, एवढं नुकसान झालं आहे, ते आता कुणाच्या अंगावर राहू द्यायचं? जिचा पाय मोडला तिच्याच, की ज्याच्यामुळे मोडला त्याच्या? आम्ही याला अपकृत्य म्हणतो. तुझा आणि यशोदाचा काही करार नव्हता. तरीही तुझ्या हातून तिला इजा होऊ शकते हे दिसत असेल, तर ती होऊ नये एवढी काळजी घेणं तुझं काम असतं. ती घेतली नाहीस, आणि म्हणूनच तिला इजा झाली, एवढं तिने सिद्ध करायचं.

आता जनावरांचं. कुणी वाघ पाळला, तर त्याच्या पहिल्या पंजालाच मालक जबाबदार. रेडा, बैल, कुत्रा ही माणसात राहणारी. तिथे बहुतेक सगळं एका प्रश्नापाशी येऊन थांबतं. जनावर मारकं आहे, हे मालकाला आधीपासून ठाऊक होतं का?

म्हणून विचारते, आणि तू नीट आठवून उत्तर दे. चांद्याने पूर्वी कधी कुणाला मारलं होतं का? तो तुमच्याकडे कुठून आला? आणि ती वाट कुणाची, यशोदाला तिथून जायची मुभा होती का?

आणखी एक. इस्पितळात जाणं आजपासून बंद कर. तू तिथे रडत म्हणशील, 'यशोदे, माझं चुकलं,' आणि तेच वाक्य उद्या दाव्यात छापून येईल. मनाला लागेल, पण ऐक माझं.

सुशीला

उमेळे
१ मार्च १९७९

प्रिय सुशी,

काल राखेचा बुधवार झाला. कपाळाला राख लावून घेताना माझ्या मनात उपवासकाळ नव्हता, तुझे प्रश्न होते. फादर 'माती आहेस' म्हणाले आणि मला वाटलं, वाट कुणाची असं विचारताहेत.

तर वाट आमचीच. पण सासऱ्यांच्या वेळेपासून त्या वस्तीच्या बायका तिथून येतात. फाटक नाही, पाटी नाही. निकोलस म्हणतात, वकिलांना कळव की वाडी खाजगी आहे आणि ती विनापरवानगी आत आली. आता मीच तिला किती वेळा हाक मारून म्हटलंय, यशोदे, चार वांगी घेऊन जा. ते मी कसं लिहू?

चांद्या आगाशीहून आला. निकोलसचे चुलतभाऊ प्लासिड यांनी तीन वर्षांपूर्वी दिला. आता आजूबाजूच्या वाड्यांत विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, रहाट आमचाच उरला. विजेचा अर्ज दिलेला आहे, नाताळापर्यंत जोडणी येईल म्हणाले होते, अजून खांबसुद्धा आलेला नाही.

इस्पितळात जाणं तू म्हटलंस म्हणून वीस तारखेपासून बंद केलं. क्लेमेंटीनला बाजारात दयाराम भेटला. म्हणाला, "बायची पेज बंद जाली वाटते." क्लेमेंटीन तशीच पुढे गेली. तेव्हापासून मला पेजेचा वासही सहन होत नाही.

सारखं वाटतं, त्याच दिवशी नेमकं मी चांद्याच्या गळ्यातलं लोढणं काढायला नको होतं. त्याची मान घासून घासून सोलली होती. मी हळद-तेल लावलं आणि म्हटलं, एक दिवस मोकळा राहू दे बिचाऱ्याला. एका दिवसात काय होतंय?

तू विचारलंस म्हणून पुन्हा लिहिते. नाही. त्याने पूर्वी कधीच कुणाला मारलेलं नाही.

सालोमी

नौपाडा, ठाणे
५ मार्च १९७९

सालू,

गरीब जनावराच्या गळ्यात लोढणं कोण बांधतं?

हातभर लाकूड गळ्यात टांगतात ते जनावराला धावता येऊ नये म्हणून. धावलं तर ते त्याच्याच पायांवर आपटतं. तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी पाहिलं, म्हणून सुताराकडून ते करून आणलं. मला हा प्रश्न अंतर्देशीय वाचता वाचता सुचला. त्यांच्या वकिलालाही सुचेल, आणि तेव्हा तू शपथ घेऊन पिंजऱ्यात उभी असशील.

खरं सांगायचं नसेल तर सांगू नकोस. पण मग वकीलपत्र दुसऱ्या कुणाला दे. मी राग धरणार नाही.

सुशीला

उमेळे
२ एप्रिल १९७९

प्रिय सुशी,

चार आठवडे मी तुझं पत्र तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं. दरम्यान कोर्टाचं समन्स आलं. बेलिफ दारात उभा होता आणि शेजारच्या बेलाबाई कपडे वाळत घालायच्या निमित्ताने कुंपणाशी. दावा लागला. आता लपवायला काही उरलं नाही, म्हणून सांगते.

गेल्या सप्टेंबरात, मारियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी, चांद्याने क्लेमेंटीनला विहिरीच्या कठड्याशी दाबलं. तीन बरगड्या मोडल्या. ती श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. आम्ही सगळ्यांना सांगितलं, पायरीवरून घसरली. डॉक्टरलाही तेच. घरातल्या रेड्याने घरातल्याच माणसाला मारलं हे सांगायची क्लेमेंटीनलाच लाज वाटली.

निकोलस त्याच आठवड्यात चांद्याला विकून काढायला निघाले होते. मी अडवलं. हे नीट वाच, मी अडवलं. म्हटलं, मोटारीची जोडणी येईपर्यंत रहाट कोण फिरवणार? केळींना घड धरायच्या वेळेला पाणी तोडू का? मग सुताराला बोलावून लोढणं करून घेतलं. लोढणं घातलं की मला वाटायचं, आपण आपलं काम केलं. आणि मग एके दिवशी त्याची सोललेली मान पाहून मला दया आली. दया आली ती रेड्याची. त्या वाटेने बाया येतात, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तू म्हणाली होतीस ना, मालकाला ठाऊक होतं का? होतं.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जिचं नुकसान झालं तिला सांगितलंस?" मी म्हटलं, "वकीलबाईंनी मनाई केली आहे." जाळीच्या पलीकडून त्यांचा खोकला तेवढा ऐकू येत होता.

निकोलस म्हणतात, बरगड्यांचं बाहेर कुणाला ठाऊक नाही, चौघांतच राहू दे. चौथी तू. क्लेमेंटीन तर म्हणते, "मी बायबलवर हात ठेवून सांगीन, पायरीवरून पडले. बरगड्या माझ्या आहेत, त्यांचं काय सांगायचं ते मी ठरवीन." ती हे बोलते तेव्हा तिचा हात आपोआप कुशीकडे जातो. तिने खोटी शपथ घेतली तर आम्ही सुटू का? आणि सुटलो तर?

मला काही सुचत नाही. वाडीत गेले की वाटेवर नजर जाते. आता तिथून कुणी येत नाही. वस्तीतल्या बायका लांबून, हमरस्त्याने दुसऱ्या वाडीला जातात.

सालोमी

नौपाडा, ठाणे
६ एप्रिल १९७९

प्रिय सालू,

तुझ्या पत्रातलं फादरांचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि ऑफिसच्या बाहेर जाऊन उभी राहिले. इस्पितळात जाऊ नकोस हा माझा सल्ला वकिलीच्या पुस्तकाप्रमाणे होता. आजाऱ्याला पेज नेणं म्हणजे दोष कबूल करणं, असं कुठलंही कोर्ट धरत नाही. मला ते ठाऊक होतं. तू रडशील आणि बोलून जाशील याची मला भीती होती, म्हणून मी तुझी पेज बंद केली. ते चुकलं माझं.

क्लेमेंटीनताईंना सांग, शपथ घ्यायची नाही. साक्ष खोटी आहे हे माहीत असताना मी ती मांडणार नाही, आणि दुसरा कुणी मांडेल तर तोही फशी पडेल. डॉक्टर आहे, सुतार आहे, लोढणं आहे. खोटं उघडं पडलं की भरपाई तर द्यावी लागतेच, वर खोट्या शपथेची फौजदारी गळ्यात.

खरं सांगितलं तर तुम्ही हराल, हे मी गोड करून सांगत नाही. ठाऊक होतं, वाटेने माणसं येतात हेही ठाऊक होतं, आणि लोढणं काढून त्याला मोकळं सोडलं. शिंग चांद्याचं, पण सोडणारा हात तुझा. तिचा औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढे जी मजुरी ती कधीच करू शकणार नाही ती, आणि सोसलेलं दुखणं, या सगळ्याचा विचार कोर्ट करतं. पाय परत देता येत नाही, म्हणून कोर्ट जे देता येतं ते देववतं. यात तू वाईट बाई आहेस असं कुठेही ठरत नाही. मात्र तुझ्या चांगुलपणामुळे ते टळतही नाही.

मागे मी सांगितलं म्हणून थांबलीस. आता मी सांगते म्हणून जाऊ नकोस. जायचं तर तुझ्या मनाने जा. आणि निकोलसना सांगून जा, दाव्यात नाव त्यांचंही आहे.

सुशीला

उमेळे
१६ एप्रिल १९७९

प्रिय सुशी,

काल ईस्टर झाला. परवा, पवित्र शनिवारी दुपारी, मी यशोदाकडे गेले. निकोलसना सांगितलं. ते म्हणाले, "जातेस तर जा, पण मला विचारून गेलीस असं नंतर म्हणू नकोस." क्लेमेंटीनने दार लावून घेतलं.

यशोदाला घरी आणलंय. दाराशी बाजेवर पडलेली असते, तिथून मिठागराचे सगळे ढीग दिसतात. दयाराम कामावर होता. मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल. तिने पाय थोडा सरकवला आणि म्हणाली, "बस ना बाय."

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. क्लेमेंटीनच्या बरगड्या, रेडा काढू दिला नाही ते, लोढणं काढलं ते. म्हटलं, "यशोदे, मला ठाऊक होतं तो मारतो. मी तुला सावध केलं नाही."

ती कोपरावर टेकून जराशी उठली. मग म्हणाली, "मना बी ठाव होतं."

मला कळेचना.

"तुझ्या नंदंला त्यानं दाबली तवा मी तितंच होते. केलीच्या आड, पान्याला आलेली. मी हंडा टाकून पलाले. कोनाला बोलले नाय. तुमी पायरीवरून पडली म्हनलात, म्हनलं असंल काय कारन त्यांचं."

"अगं, मग त्या वाटेनं येत का राहिलीस?"

ती हसली. सुशी, ती खरोखर हसली. "मंग पानी कंचं प्याचं बाय? ह्या मिठागराचं?"

मग मीच खाली बसले.

तिने सांगितलं, नोटीस दयारामने रागात पाठवली होती. तिने त्याला म्हटलं होतं, राहू दे, बाय रोज येते, बघू. "पन तुझी पेज बंद जाली तवा मीच म्हनले, घाल दावा. आता ती आपली कोन?" मी तुझं नाव सांगितलं नाही. म्हटलं, माझीच अक्कल.

आता पुढचं. घरी येऊन मी निकोलसना हे सगळं सांगितलं, आणि ते ताडकन उठले. "म्हणजे तिला ठाऊक होतं! ठाऊक असून आली, मग दोष तिचा. हे आजच्या आज सुशीलाला लिही." कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर रंग आला. ईस्टरचं जेवण त्यांनी पोटभर केलं. मी माझं ताट तसंच उचलून ठेवलं. तिने मला विश्वासाने सांगितलं, आणि मी ते तिच्याच विरुद्ध नेऊन ठेवायचं? पण तुला न सांगावं, तर पुन्हा लपवणं आलंच. एकदा लपवून पाहिलंय.

म्हणून लिहिलं. आता तू बघ. मला तुझ्या उत्तराची भीती वाटते.

सालोमी

नौपाडा, ठाणे
२० एप्रिल १९७९

प्रिय सालू,

असं वाक्य हाती लागलं की वकिलाचे हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले. एक संपूर्ण दिवस मी मनातल्या मनात यशोदाची उलटतपासणी घेतली. "तुम्ही स्वतः पाहिलं होतं ना? तरी गेलात ना?" मी जिंकत होते. मग मी तिचं उत्तर पुन्हा वाचलं.

कायदा काय म्हणतो, ते निकोलसनाही वाचून दाखव. ज्याने राजीखुशीने धोका पत्करला, त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही, हे खरं. पण धोका ठाऊक असणं वेगळं आणि तो पत्करणं वेगळं. जिला प्यायच्या पाण्यासाठी तीच वाट होती, ती राजीखुशीने गेली असं म्हणायला न्यायाधीशाची जीभ रेटणार नाही. आणि ठाऊक असणं हाच दोष म्हटला, तर तो आधी तुमच्या दाराशी येतो.

मात्र एक सांगणं माझं कर्तव्य आहे. तिनेही स्वतःला जपलं नाही, असं मांडलं तर भरपाई थोडी कमी होऊ शकते. नक्की नाही, पण होऊ शकते. मी ते मांडू शकते, आणि नीट मांडू शकते. पक्षकार तुम्ही दोघं आहात. मांडायचं की नाही, ते दोघांनी ठरवून कळवा.

सुशीला

(पोस्टकार्ड)
उमेळे, २७ एप्रिल १९७९

सुशी, मांडू नकोस. आज सकाळी निकोलस म्हणाले, "मी तिच्या जागी असतो, तर मीही त्याच वाटेने गेलो असतो." एवढंच म्हणाले. हे कार्ड त्यांनी वाचलं आहे, आणि गाडीला जाताना तेच पेटीत टाकतील. तडजोडीचं बोल.
सालोमी

नौपाडा, ठाणे
१८ जून १९७९

प्रिय सालू,

त्यांच्या वकिलांशी बोलणी झाली, माणूस सरळ निघाला. तडजोडीचा मसुदा सोबत आहे. रक्कम तुम्ही वाडीचा रस्त्याकडचा तुकडा विकून उभी करणार ती, आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे दुसरी अट, विहिरीची वाट वस्तीला कायम मोकळी राहील. दोन्ही बाजूंनी सह्या केल्या की कोर्ट त्याचा हुकूमनामा करेल.

अठ्ठावीस तारखेला वसईच्या कोर्टात तुमच्या सह्या आहेत, पण त्याच दिवशी मला ठाण्यात एका दाव्याची सुनावणी आहे, टाळता येत नाही. माझा ज्युनिअर फ्रेडरिक येईल. वसईचाच मुलगा आहे, हुशार आहे. घाबरू नकोस. आता फक्त सह्या उरल्या आहेत.

सुशीला

उमेळे
२९ जून १९७९

प्रिय सुशी,

फक्त सह्या उरल्या आहेत असं तू लिहिलं होतंस. काल काय झालं ते फ्रेडरिक तुला सांगेलच, पण तो घाबरून गेला होता, त्याच्या सांगण्यात गडबड होईल. म्हणून मी सांगते.

दयारामने यशोदाला टांग्यातून आणलं. ती काठी घेऊन, त्याच्या खांद्याला धरून पायऱ्या चढली. आम्ही तिघं, म्हणजे मी, निकोलस आणि क्लेमेंटीन, बाकावर बसलो होतो. क्लेमेंटीन स्वतःहून आली होती. मला वाटलं, भांडायला आली असेल. ती उठली आणि यशोदाला बाकावर जागा करून दिली. दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या.

आमचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी कागद वाचला आणि यशोदाला विचारलं, "बाई, यात काय लिहिलंय ते तुम्हाला समजलं का? तुम्ही आपल्या मर्जीने अंगठा देताय ना?" कुणीही मान हलवली असती. तिने म्हटलं, "वाचून दाखवा."

फ्रेडरिकने वाचायला सुरुवात केली. 'प्रतिवादी, दायित्व मान्य न करता, वादीस पुढील रक्कम देण्यास...'

"थांब," यशोदा म्हणाली. "ह्याचा अर्थ काय?"

फ्रेडरिक माझ्याकडे बघू लागला. न्यायाधीशांनीच समजावलं, की असं लिहिण्याचा रिवाज आहे. याचा अर्थ, हे लोक पैसे देतात, पण दोष आपला होता असं म्हणत नाहीत.

"पन दोस त्यांचा होता," ती म्हणाली. "बायनं माज्या घरी येऊन सांगितलं."

त्यांच्या वकिलांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिने मान हलवली, नाही म्हणून. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "बाई, रक्कम तीच मिळणार आहे. या चार शब्दांनी काही फरक पडत नाही."

"फरक पडत नाय, तं मंग काडून टाका ना."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि आमच्याकडे पाहिलं. फ्रेडरिक हळूच निकोलसना म्हणाला, "हे ठेवायचा आपल्याला हक्क आहे. मॅडमना विचारल्याशिवाय काढू नका. आपण तारीख मागू."

तारीख! आणखी दोन महिने पोस्टमनची घंटा. तरीही क्षणभर मला ते हवंसं वाटलं. तोंडाने यशोदाला सांगणं एक, आणि कागदावर येणं एक. तो कागद कोर्टात राहील. आमच्यानंतरही राहील. पोरं मोठी होतील आणि कुणीतरी ते वाचेल. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी निकोलसकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर उठले नसते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "काढून टाका, साहेब. दायित्व आमचं आहे. रेडा मारका होता, आणि मला ठाऊक होतं."

न्यायाधीशांनी विचारलं, "आणि पहिले प्रतिवादी? तुमचं काय म्हणणं?"

निकोलस बसूनच होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. शिपायाने त्यांना उभं राहायची खूण केली, तेव्हा ते उठले. म्हणाले, "तिला ठाऊक होतं असं ती म्हणाली. ते अर्धंच आहे. मलाही होतं."

मग ते चार शब्द शाईने खोडले. कोर्टात नुसतं खोडून चालत नाही, हे मला काल कळलं. खोडलेल्या जागेशेजारी सगळ्यांनी पुन्हा सही करायची असते, नंतर कुणी म्हणू नये की आमच्या मागे खोडलं. आधी यशोदाने अंगठा दिला. निकोलसनी सही केली. मग मी.

बाहेर आल्यावर दयाराम टांगा बघायला गेला. निकोलस त्याच्यामागे गेले. दोघं रस्त्याच्या कडेला उभे होते, बोलत होते की नाही ते मला लांबून कळलं नाही. यशोदाने माझा दंड धरला, पायऱ्या उतरायला. तिचं सगळं वजन माझ्यावर होतं आणि पाचव्या पायरीवर ती कण्हली. ते कण्हणं जन्मभर राहणार आहे, ते कुठल्याही कागदाने जात नाही. मी थांबले. तीच म्हणाली, "सावकाश. मना घाई नाय."

चांद्या गोठ्यातच आहे. प्लासिडभाऊ त्याला न्यायला आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. चहा पिऊन रिकाम्या हातांनी परत गेले.

तू मसुद्यात ते शब्द घातलेस म्हणून मी रागावले नाही. तुला आम्हाला वाचवायचं होतं. पण खोडताना तू तिथे असायला हवी होतीस. खोडलेल्या शब्दांशेजारी सहीला जागा थोडीच होती. अक्षर वेडंवाकडं आलंय. पण नाव पूर्ण लिहिलंय, आणि वाचता येतं.

तुझी
सालोमी